शेवाळाचा नियम

२८ फेब्रुवारी २०१६, रविवार

वाघ गेले. गरुडही गेले. माझ्या वाट्याला कासवं आली.

चूक नळाची. पुण्याच्या प्राजक्तानं दुपारी तीनला आम्हा सगळ्यांना फोनवर एकत्र घेतलं होतं. तिची मंडळी 'सातखंड' नावाचा खेळ मराठीत काढताहेत, पुस्तकरूपात. आम्ही रविवारी खेळतो तसाच: एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, कुठे अडलं की पासा टाकायचा. सात खंडांत सात जमाती, अर्धी माणसं अर्धे प्राणी. एकेका जमातीचा धडा एकेकानं लिहायचा आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव छापून येणार.

ती जमाती वाटायला लागली आणि नेमका सहाव्या दिवशी आमच्या अकोल्यातल्या जठारपेठेत नळ आला. मी फोन ठेवून हंडे धरायला धावले. दोन टाक्या, अकरा हंडे आणि कूलर भरून परत आले तर चुलतभाऊ इमराननं वाघ उचललेले होते.

"तुले कासवं ठेवली," तो म्हणाला. "तुह्यासारखीच. टाइपिंग करता करता झोपते."

धडा १० एप्रिलपर्यंत द्यायचा. नाही जमला तर पुण्यात एक जण कासवं लिहायला तयार बसलेला आहे, हेही प्राजक्तानं गोड आवाजात सांगितलं.

मी तो देणार. अब्बांच्या छपाईच्या दुकानात मी आठ वर्षं लग्नपत्रिका जुळवते आहे. विनीत, प्रेषक, स्वागतोत्सुक, 'आमच्या मावछीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल, सगळ्यांची नावं मी टाइप केली. हजारोंनी केली असतील. माझं नाव कुठल्याच कागदावर नाही.

६ मार्च, रविवार

पहिला खर्डा पाठवला. कासवजन संथ आहेत, शहाणे आहेत, तीनशे वर्षं जगतात आणि समुद्रकाठच्या मंदिरात ध्यान करतात. मला स्वतःला फार आवडला. दोनदा मोठ्यानं वाचला. अम्मी म्हणाल्या, "अच्छा है. चाय गिर रही है."

८ मार्च, मंगळवार

प्राजक्ताचं उत्तर आलं. "गजाला, भाषा छान आहे. पण संथ, शहाणी आणि म्हातारी कासवं जगात सगळीकडेच आहेत. मला तुझी हवीत. तू समुद्र पाहिला आहेस का?"

नाही पाहिला. त्यात तिला विचारण्यासारखं काय आहे?



१० मार्च, गुरुवार

अब्बांनी जेवताना सुचवलं, "कासवाचं चंद्रभानले विचार. त्यानं जितके कासवं पायले तितके तू पत्रिकेत गणपती नसतील छापले."

चंद्रभानकाका म्हणजे आमच्या वरच्या खोलीत राहतात ते. अब्बा तेल्हाऱ्याच्या बाजारात कापड विकायचे तेव्हापासूनची त्यांची दोस्ती. काका पानाड्या आहेत, म्हणजे विहीर कुठे खणायची ते सांगणारे. तळहातावर नारळ ठेवून वावरात फिरायचं, नारळ उभा राहिला की तिथे खणायचं. माझा यावर विश्वास नाही. पण त्यांच्याकडे खारपाण पट्टा आहे, दर दुसऱ्या विहिरीला मिठासारखं पाणी लागतं, आणि तिथे काकांनी चाळीसेक गोड्या विहिरी दाखवल्या असं अब्बा शपथेवर सांगतात. शेवटच्या तीन मात्र चुकल्या. दोन कोरड्या निघाल्या, एक खारी.

दिवाळीत गुडघा दाखवायला म्हणून ते पंधरा दिवसांसाठी अकोल्याला आले. आता पाचवा महिना. गुडघा काही बरा होत नाही. गावाचा फोन आला की जास्तच दुखतो.

१३ मार्च, रविवार

काकांना खर्डा वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे कासवं पेन्शनीत निघाले काय?"

मग त्यांनी खरी कासवं सांगितली. विहिरीला पाणी लागलं की त्यांच्याकडे आत एक कासव सोडतात. ते घाण खातं, पाणी साफ ठेवतं. घरातले लोक पहिला पोहरा काढताना वाकून त्याला हाक मारतात. सून नवी आली की तिला आधी देव दाखवायचे, मग कासव.

"अन् विहीर आटली तं?" मी विचारलं.

"गाळात घुसते. मरत नाही. लोक म्हणते गेलं, गेलं. ते खाली बसून राह्यते. पाणी आलं का येते वर."

"खाली बसून काय करतं?"

"तेले काय काम?" काका म्हणाले. "इचार करत असन."

मी भराभर लिहून घेतलं. समुद्र खोडला. मंदिर खोडलं. माझी माणसं विहिरीत राहतात. पाठ कवचाची, बोटं चिखल उपसणारी, आणि कुठल्याही गावात शिरलं की आधी तिथलं घोटभर पाणी पितात. त्या घोटावरून त्यांना गाव कळतं. काका म्हणाले, "कासवजन कायले म्हणते? विहीरकर म्हण. आडनावासारखं वाटते."

विहीरकर! मी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरले.

१७ मार्च, गुरुवार

यंदा पत्रिकांची कामं निम्म्यावर आहेत. पावसानं सलग दोन वर्षं पाठ फिरवली, लोक फोनवरच आवतण देतात. म्हणून आज किसनराव गावंडे आले तर अब्बांनी त्यांना खुर्ची पुसून दिली. काकांच्याच गावचे. मुलीचं लग्न २४ एप्रिलला.

माणूस धिप्पाड आणि आवाज त्याहून मोठा. "पत्रिका अशी पायजे का पावण्यानं फ्रेम करून ठेवली पायजे! गणपती हसता टाक, मागच्या वेळी आमच्या भावाच्या पत्रिकेत रडका टाकला होता कोणं तरी."

मीच टाकला असेल. हसता शोधायला घेतला.

विनीतांची यादी त्यांनी वहीच्या पानावर आणली होती. सातवं नाव रिकामं. "तिथं एक ओळ सोड," म्हणाले. "नाव बाकी हाय. माणूस भेटला का टाकू." विनीतांच्या मधोमध रिकामी ओळ म्हणजे दात पडल्यासारखं दिसतं. समजावलं, पण ऐकेनात.

त्यांचा आवाज येताच वर काकांनी दार लावून घेतलं. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, गुडघा. उन्हाळा लागला की हवा बदलते, त्याचं असेल.

२० मार्च, रविवार

आज सोनं सापडलं!

प्राजक्ताची अट आहे की प्रत्येक जमातीला एक अशी चालरीत हवी, जिच्यातून खेळणाऱ्याला गोष्ट सुचेल. मी काकांना विचारलं, विहीरकरांचा कायदा काय असेल? कुणी चुकलं तर शिक्षा काय?

काका मुरमुरे खात होते. हातातले तसेच राहिले.

"चूक पाठीवर कोरायची," ते म्हणाले. "कवचावर. पोटावर लिवली तं माणूस हातानं झाकते. पाठीवरची झाकताबी येत नाही अन् सोताले वाचताबी येत नाही. मांगून येणारा जाणारा वाचते. आपण चालत राह्यतो, अन् इचार करतो का काय लिवलं असन."

"काय भन्नाट नियम आहे, काका!"

"हाव," काका म्हणाले. "भन्नाट हाय."

मग दोघांनी मिळून तपशील ठरवले. कोरणी एकच, आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीची. ती मोठ्यानं वाचायचा हक्क फक्त ज्याचं नुकसान झालं त्याला. त्यानं वाचली की विहीरकराची ताकद त्या दिवसापुरती निम्मी होते. काकांनी स्वतःसाठी नमुन्याचं पात्रही बनवलं: बुधाजी विहीरकर, वाटाड्या. तीन वाटा दाखवल्या, तिन्ही चुकल्या. तिसऱ्या वाटेवर एका व्यापाऱ्याचा अख्खा तांडा वाळवंटात फसला.

आपल्याला इतकं पटकन सुचत नाही. काकांकडे कल्पनाशक्ती आहे.

२६ मार्च, शनिवार

प्राजक्ताला कोरणी इतकी आवडली की तिनं रात्री नाही, भर दुपारी फोन केला, ऑफिसातून. पण लगेच खोट काढली. "कोरणी मिटते कशी? मिटतच नसेल तर खेळणारा अडकून पडेल. वाट दे त्याला." शिवाय १० तारखेच्या आत हा धडा चार जणांच्या टेबलावर खेळून पाहायचा आहे. त्यात दोघं तरी आयुष्यात कधी न खेळलेले हवेत, आणि खेळ पुरा व्हायला हवा. मधून कुणी उठलं तर चाचणी रद्द.

कोरणी मिटायच्या वाटा शोधल्या: पराक्रम केला की मिटते. दगडानं घासली की मिटते. शंभर वर्षांनी कवच बदललं की मिटते. सगळ्या काकांना वाचून दाखवल्या.

"नाही मिटत," ते प्रत्येक वेळी म्हणाले.

"पण काका, काहीतरी हवं ना! नाहीतर धडा गेला माझा."

"मंग मले नाही ठावूक पोरी. ठावूक असतं तं सांगतलं नसतं?"

३० मार्च, बुधवार

काही सुचत नाही. ४३ अंश. पुण्याचा तो लेखक आतापासून कासवांची चित्रं काढतो आहे असं इमरान सांगतो. इमराननं वाघांचा धडा पाठवून टाकला. त्याचे वाघ म्हणे कुणाला घाबरत नाहीत. नवल सांगतो.

३ एप्रिल, रविवार

सविस्तर लिहिते, नाहीतर विसरेन.

आज चाचणी होती. टेबल दुकानातच लावलं. खेळणारे: काका (बुधाजी विहीरकर), इमरान (वाघ, दुसरं काय), अब्बा (जादूगार, कारण त्यांना दाढी आहे). काका आणि अब्बा पहिल्यांदाच खेळणार. चौथा इमरानचा एक दोस्त येणार होता, तो अमरावतीला अडकला. त्याच्यासाठी मी व्यापाऱ्याचं पात्र ठेवलं होतं.

तिघांवरच सुरुवात केली. सगळे एका कोरड्या शहरासाठी पाणी शोधायला निघाले आहेत. वाटेत राक्षस आला. इमराननं तलवार काढली. अब्बा म्हणाले, "थांब बे. आधी त्याले पाणी विचार. दुपारचा आलाय बिचारा." पासा टाकला तर नेमके सहा पडले. राक्षस पाणी प्यायला, बसला आणि आपल्या जावयाची गाऱ्हाणी सांगू लागला. तीही मलाच सांगावी लागली. इमराननं तलवार परत ठेवली, तोंड एवढंसं करून.

तेवढ्यात शटरमधून आवाज आला, "प्रूफ झालं का व पोरी?"

किसनराव. मी त्यांना आज बोलावलं होतं हे पार विसरले होते. मी संगणक चालू केला आणि लाइन गेली. रविवारची दोन तासांची.

काका उठायला लागले. टेबलाला हात टेकवून म्हणाले, "गुडघा..."

मी अक्षरशः ओरडले. "काका, तुम्ही उठले तर चाचणी रद्द! माझा धडा जाईल!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग बसले. पाठ दाराकडे करून.

अब्बा मात्र भलत्याच उत्साहात. "या किसनराव, बसा. लाइन येतवर काय करता? चौथा गडी कमी हाय."

"पत्ते हाय काय?"

"पत्ते नाही. कासवं हाय."

मी त्यांना समजावून सांगितलं: तुम्ही व्यापारी. या बुधाजी वाटाड्यानं तुम्हाला वाट दाखवली, ती चुकली, तुमचा तांडा बुडाला. किसनरावांनी काकांच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बसतो मी."

माणूस बरा खेळला. चिल्लर राक्षसांशीसुद्धा भाव करत होता. काका मात्र पासा टाकायचे आणि आकडा सांगायचे तेवढंच. शेवटी सगळे जमिनीखालच्या तळ्याच्या दाराशी आले. पहारेकरी म्हणाला (म्हणजे मी म्हणाले): विहीरकराची कोरणी वाचल्याशिवाय दार उघडणार नाही. ज्याचं नुकसान झालं त्यानंच वाचायची.

हा भाग मी मुद्दाम ठेवला होता. ताकद निम्मी झाल्यावर काका कसे खेळतात ते पाहायचं होतं.

किसनराव उठले. खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, खरोखरच काकांच्या मागे जाऊन उभे राहिले. काकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. अब्बांनी पासा मुठीत धरला. बाहेर कुल्फीवाल्याची घंटी वाजत होती, तेवढीच.

"काय लिहिलं आहे?" मी विचारलं.

"शेवाळ चढलं," किसनराव म्हणाले. "लय शेवाळ हाय, पोरी. अक्षर दिसून नाही राह्यलं."

"असा नियम नाही," मी म्हणाले. "वाचावंच लागेल. नाहीतर पासा टाका."

"पासा कायले? नुकसान कोनाचं झालं? माह्यं ना? मंग मी म्हणतो शेवाळ, तं शेवाळ."

काका न वळता म्हणाले, "घासून पाह्य, किसन. दिसन."

"मी काहून घासू? मले दुसरे कामं नाही काय? पोरीचं लगन हाय माह्या!"

आधी अब्बा हसले, मग इमरान. मग काका हसायला लागले आणि थांबेचनात. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. किसनरावांनी मागूनच त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या, चांगल्या जोरात, आणि माठातलं पाणी आणून दिलं. "पे, बुढ्या. गोडं हाय, खारं नाही." त्यावर दोघं पुन्हा हसले. ठसका लागलेल्या माणसाला हसवू नये, हे कुणाला कळत नाही.

मला मात्र घाम फुटला होता. नियमात नसलेलं उत्तर आलं होतं आणि सूत्रधाराला निकाल द्यावाच लागतो. मी पटकन म्हणाले: ठीक आहे. पहारेकऱ्यानं हात फिरवून पाहिला, शेवाळ खरं आहे. दार उघडलं. आत गोडं पाणी.

खेळ पुरा झाला. कुणी उठलं नाही. आणि लाइन आली.

किसनरावांनी प्रूफ वाचलं, गणपती हसतो आहे याची खात्री केली. मग माझा पेन घेऊन सातव्या ओळीत लिहिलं: श्री. चंद्रभान सुखदेव ताथोड. "भेटला माणूस," म्हणाले. काकांचंच नाव! बरं झालं, गावातले आहेत, शोभेल. मुख्य म्हणजे ती भगदाड पडलेली ओळ भरली आणि रचना झकास बसली.

४ एप्रिल, सोमवार

सकाळी जाग आली तीच वाक्य घेऊन. आंघोळीआधी लिहून काढलं:

'कोरणी मिटत नाही. पराक्रमानं नाही, पश्चात्तापानं नाही, घासूनही नाही. तिच्यावर शेवाळ चढू शकतं. ते चढलं की नाही, हे फक्त ज्याचं नुकसान झालं तो सांगू शकतो. त्यासाठी विहीरकराला त्याच्यासमोर पाठ करून बसावं लागतं. पासा टाकायचा नाही.'

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "पासा टाकायचा नाही, हे बरं केलं," म्हणाले. मग विचारलं, "पत्रिका कवा छापून निंगते?"

८ एप्रिल, शुक्रवार

पाडवा. काकांनी सकाळी स्वतः जाऊन गाठी आणल्या, आमच्यासाठीही. जठारपेठेच्या चौकापर्यंत चालत गेले आणि आले.

धडा पाठवला. दोन दिवस आधी!

१६ एप्रिल, शनिवार

घेतला! घेतला! घेतला!

प्राजक्ता म्हणाली, "शेवाळाचा नियम हा सगळ्या पुस्तकातला सगळ्यात चांगला नियम आहे. कुठून सुचला तुला?"

काय सांगणार? "खेळताना झालं," म्हणाले. ती म्हणाली, फार विचार केलेला दिसतो. मी नाही म्हणाले नाही.

धड्याखाली 'गजाला मुनव्वर, अकोला' असं येणार. आणि 'साहाय्य: चंद्रभान ताथोड'. अम्मींनी शिरखुर्मा केला. ईद नसताना. इमरानला वाघांचा धडा दुरुस्तीला परत आला आहे. त्याला दोन वाट्या जास्त दिल्या.

२४ एप्रिल, रविवार

किसनरावांच्या मुलीचं लग्न. अब्बा, काका आणि मी सकाळच्या बसनं गेलो. तेल्हाऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर काका पाच मिनिटं उसाच्या रसवंतीपाशी थांबले. रस घेतला नाही. मग म्हणाले, "चाला."

गावात शिरल्यावर गंमतच झाली. ज्याला त्याला काकांशी बोलायचं होतं. "कुठी होता जी तुमी? आमी समजलो गेले!" एका माणिकबाईंनी तर त्यांचा कानच धरला. काका हसून सगळ्यांना सांगत होते, गुडघा, गुडघा.

मंडपासाठी टँकर आला होता, सगळे तेच पाणी पीत होते. पण अक्षता पडल्यावर किसनराव काकांना हाताला धरून वावरातल्या विहिरीवर घेऊन गेले. दहा-बारा जण मागे. नवीच दिसली विहीर, बांधकाम पक्कं. किसनरावांनी पोहरा सोडला, पाणी काढलं, पेला भरून काकांच्या हातात दिला.

काका एक घोट प्यायले. तोंड असं वेडंवाकडं झालं की पोरं खिदळली.

"खारं हाय रे, किसन!"

"हाय ना? दीड वर्षापासून माह्यं एकट्याचंच तोंड खारं होऊन राह्यलं. तुमी पेयाले कवा आले?"

काका पेल्याकडे बघत राहिले. मग उरलेला पेला एका दमात पिऊन टाकला.

"जाऊ द्या बे," किसनराव म्हणाले. "माह्या म्हशी पाह्य कशा चकाकते. याच पाण्यानं धुतो."

गोठ्यातल्या दोन म्हशी आमच्याकडे बघत होत्या. खरंच चकाकत होत्या.

माझं विहीरकरांचं काम किती बरोबर होतं ते तिथे कळलं: गावात शिरलं की आधी तिथलं पाणी प्यायचं. काकांनी ते आपोआप केलं. खेळ असा अंगात भिनतो. प्राजक्ताला कळवायला हवं.

परतीच्या बसला मी आणि अब्बा दोघंच होतो. काका म्हणाले, राहतो दोन दिवस, मग कपडे न्यायला येईन. आम्हाला सोडायला फाट्यापर्यंत चालत आले, चांगला अर्धा कोस, भर उन्हात, आणि बस हलल्यावर तिच्या सोबत चार पावलं पळालेसुद्धा.

उन्हाळ्यात गुडघे मोकळे होतात म्हणे. अब्बांना तसं म्हटलं तर ते खिडकीबाहेर बघून हसत राहिले, पार अकोल्यापर्यंत.